भरती-ओहोटीमुळे हवामान बदलतं का? चंद्र तोच, समुद्र वेगळा

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुम्ही तीन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. भरती-ओहोटी हजारो वर्षांच्या हवामानावर परिणाम करू शकते का? करत असेल, तर सध्याची तापमानवाढ हाही चंद्राच्या एखाद्या लांबलचक चक्राचाच भाग आहे का? आणि ‘2030 च्या दशकात चंद्र डगमगणार, किनारी शहरं पाण्याखाली जाणार’ ही जी बातमी मध्यंतरी सगळीकडे फिरली, तिचा याच्याशी काय संबंध?

पहिल्याला माझं उत्तर ‘होय, पण’ असं आहे, दुसऱ्याला ‘नाही’. तिसऱ्यासाठी थोडं गणित करावं लागेल, ते शेवटी करू. पहिल्या उत्तरातला ‘पण’ मोठा आहे. तुम्ही दिवसांबद्दल विचारता, दशकांबद्दल, की लाखो वर्षांबद्दल, यावर उत्तर पार बदलतं. शिवाय जगातल्या कुठल्या समुद्राबद्दल विचारता यावरही. माझं बरंचसं काम भरतीच्या नोंदींचं पृथक्करण आणि खोल पाणी किती ढवळलं जातं याची मोजमापं यांत गेलं. त्यातून बनलेलं मत आधीच सांगून टाकतो: हजारो वर्षांच्या हिशोबात भरतीची ताकद बदलते ती मुख्यतः समुद्राचा आकार आणि खोली बदलते म्हणून. चंद्राच्या चक्रांचा वाटा त्यामानाने फार लहान आहे. या विषयावरचं लोकप्रिय लिखाण वाचलंत तर जोर नेमका उलटा दिसेल, कारण चंद्राची गोष्ट रंगवून सांगायला सोपी जाते.

आता हिशोब. चंद्र आणि सूर्य मिळून भरतीच्या रूपाने पृथ्वीला सतत साधारण 3.7 टेरावॉट ऊर्जा देतात आणि ती जवळजवळ सगळी समुद्रात खर्च होते. एक टेरावॉट म्हणजे एक लाख कोटी वॉट. आकडा दांडगा वाटतो, पण पृथ्वीच्या पृष्ठभागावर वाटून टाकला तर चौरस मीटरला 0.007 वॉट येतात. सूर्याची जी उष्णता पृथ्वी शोषते ती सरासरी 240 वॉट आहे. जमिनीच्या पोटातून वर येणारी उष्णतासुद्धा 0.09 वॉटच्या आसपास आहे, म्हणजे भरतीच्या दहापटीहून जास्त. तेव्हा भरती पृथ्वी तापवते किंवा थंड करते असं थेट अर्थाने कुणी म्हणत असेल, तर तो विषय इथेच मिटला.

भरतीचं खरं काम वेगळं आहे. ती पाणी ढवळते.

अरबी समुद्रात वर 28 अंशांचं पाणी असतं. तिथेच चार हजार मीटर खाली उपकरण सोडलं तर तापमान दोन अंशांच्या आसपास येतं. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ एवढं गार पाणी आलं कुठून? ते अंटार्क्टिकाच्या कडेला गोठणबिंदूच्या जवळ जाऊन जड झालं, बुडालं आणि तळातळाने सरकत आपल्यापर्यंत पोचलं. अशी भर सतत पडत असते. वरची ऊब खाली मिसळण्याची काहीच सोय नसती, तर हळूहळू अख्खा समुद्र गार पाण्याने भरून गेला असता, वर फक्त एक पातळ उबदार थर उरला असता, आणि तळाकडचा प्रवाह जवळजवळ थांबला असता. तसं झालेलं नाही. म्हणजे कुणीतरी जड गार पाणी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वरच्या हलक्या पाण्यात मिसळत राहतं, आणि त्याला ऊर्जा लागते.

ही ऊर्जा किती, हे समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांनी 1966 साली आणि मग कार्ल वुन्श यांच्यासोबत 1998 साली मांडलं. दुसऱ्या निबंधातला अंदाज असा की खोल समुद्राची आजची घडी टिकवायला सुमारे 2 टेरावॉट पुरतात. त्यातला अर्धा वाटा वाऱ्याचा, अर्धा भरतीचा. आणि या 2 टेरावॉटच्या बळावर समुद्र विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे जी उष्णता वाहून नेतो ती साधारण 2000 टेरावॉट! एकास हजार. भरतीचा हवामानाशी असलेला खरा संबंध या गुणोत्तरात आहे. ती उष्णता पुरवत नाही, उष्णता कुठे जाईल हे ठरवण्यात तिचा हात आहे.

हे कागदावर छान जमलं, पण मोजायला गेल्यावर गडबड झाली. मंक यांच्या हिशोबाला मिसळण्याचा जेवढा वेग लागत होता, त्याच्या दहावा हिस्साच मोकळ्या समुद्रात सापडत होता. 1990 च्या दशकात काही शे मीटर खोलीवर एक निरुपद्रवी रसायन सोडून ते वर-खाली किती पसरतं हे महिनोन् महिने मोजलं गेलं. पसरण्याचा वेग फारच कमी निघाला. मग उरलेलं ढवळण होतं कुठे? उत्तर दक्षिण अटलांटिकमध्ये, ब्राझीलच्या पूर्वेकडच्या खोल भागात मिळालं. तिथे सपाट तळावर पाणी शांत होतं, पण मध्य-सागरी पर्वतरांगेच्या खडबडीत उतारांवर ढवळण कितीतरी पटींनी जास्त. शिवाय ते अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वाढत होतं आणि अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, उतरत होतं. चार-पाच किलोमीटर खोलीवरच्या अंधारात, किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर, पाण्याला उधाण-भांग कळत होतं. चंद्राचा हात असल्याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

त्याआधी जवळजवळ ऐंशी वर्षं सगळ्यांची समजूत अशी होती की भरतीची ऊर्जा उथळ समुद्रांत, तळाशी घासून संपते. जी. आय. टेलर यांनी 1919 साली आयरिश समुद्रासाठी तसा हिशोब करून दाखवला होता आणि लगेच पुढच्या वर्षी हॅरोल्ड जेफ्रीज यांनी तो जगभरच्या उथळ समुद्रांना लावला. समजूत बरीचशी बरोबरच होती. पण 1992 मध्ये टोपेक्स-पोसायडन उपग्रह गेला, त्याने समुद्राच्या पृष्ठभागाची उंची सेंटिमीटरांत मोजली, आणि त्या मापांवरून एगबर्ट आणि रे यांनी 2000 साली दाखवलं की सुमारे 1 टेरावॉट, म्हणजे एकूण ऊर्जेच्या पंचवीस ते तीस टक्के, खोल समुद्रात खर्च होतात. हवाईची बेटं, मध्य-सागरी रांगा, पश्चिम प्रशांतातल्या बेटांच्या माळा अशा ठिकाणी. मंक-वुन्श यांना भरतीकडून जेवढी ऊर्जा हवी होती, जवळपास तेवढीच.

ही ऊर्जा तिथे खर्ची पडते ती अंतर्गत लाटांमधून. समुद्राच्या पोटात हलक्या-जड पाण्याचे थर असतात. भरतीचा प्रवाह बुडालेल्या डोंगरावरून गेला की ते थर वर ढकलले जातात, मग खाली येतात, आणि लाट सुरू होते. पृष्ठभागावर ती हातभरही दिसत नाही. आत मात्र उंची दहा-दहा मजल्यांची असू शकते. आपल्याकडे हे बघायचं तर अंदमान समुद्रात जावं. वारा पडलेला, पाणी तेलासारखं सपाट, आणि एकाएकी क्षितिजावर पांढुरका पट्टा दिसतो. जवळ आला की नुसत्या छोट्या खळबळत्या लाटा, एक-दीड किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात, आवाज करत बोटीखालून निघून जातात. पुन्हा सपाट पाणी. त्या वेळी शंभर मीटर खोलीवर तापमापक टांगलेला असेल तर पडद्यावरची रेघ वीस मिनिटांत चार-पाच अंश वर चढून परत खाली येते, कारण वरचं गरम पाणी पन्नास-साठ मीटर खाली दाबलं जाऊन पुन्हा वर आलेलं असतं. पहिल्यांदा बघणारा उपकरण बिघडलं असंच म्हणतो. मग काही वेळाने दुसरा पट्टा येतो, मग तिसरा, आणि दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळापत्रकाप्रमाणे परत सगळी वरात. तेल कंपन्यांनी 1970 च्या दशकात तिथे विहिरी खणायला घेतल्या तेव्हा या लाटांचा अभ्यास जोरात झाला, कारण बोटी जागेवर धरून ठेवणं अवघड जात होतं.

अंदमानच्या पलीकडे, इंडोनेशियाच्या समुद्रांत, हाच प्रकार थेट हवामानापर्यंत पोचतो. प्रशांत महासागराचं पाणी तिथल्या सामुद्रधुन्यांतून हिंदी महासागरात येतं, सेकंदाला सुमारे दीड कोटी घनमीटर. वाटेत अरुंद खिंडी आणि बुडालेले डोंगर आहेत आणि भरती जोरदार आहे. खालचं गार पाणी वर मिसळून तिथला पृष्ठभाग साधारण अर्ध्या अंशाने थंड राहतो. हवामानाच्या प्रारूपात, म्हणजे संगणकावरच्या गणिती नकलेत, भरतीचं हे ढवळण घातलं की तिथल्या आकाशातले उंच पावसाळी ढग काही भागांत वीस टक्क्यांपर्यंत कमी होतात, असं कोख-लारुई आणि सहकाऱ्यांनी 2010 साली दाखवलं. अर्ध्या अंशाचं एवढं काय? सुलोचना गाडगीळ आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्येच दाखवलं होतं की उष्ण कटिबंधात समुद्राचं तापमान 28 अंशांच्या वर गेलं की मोठे ढग बनण्याची शक्यता एकदम वाढते. समुद्र त्या उंबरठ्याच्या आसपास असेल तर अर्धा अंश पुष्कळ असतो. आपल्या मान्सूनचा अंदाज देणाऱ्या प्रारूपांत इंडोनेशियाची भरती नीट घातली पाहिजे, असं आम्ही म्हणतो ते यासाठीच.

इथे एक कबुली द्यायला हवी, या शास्त्राच्या वतीने. 2 टेरावॉटचा हिशोब आता पूर्वीइतका पक्का मानला जात नाही. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात पश्चिमी वारे इतके जोरदार आहेत की ते पृष्ठभागाचं पाणी उत्तरेला लोटतात आणि त्याच्या जागी दोन-तीन किलोमीटर खोलीवरचं पाणी उताराच्या थरांवरून वर येतं. फारसं मिसळल्याशिवाय. म्हणजे अटलांटिकमध्ये बुडालेलं बरंचसं पाणी भरतीच्या मदतीविना परत वर येऊ शकतं. अगदी तळाचं, सर्वांत जड पाणी वर आणायला मात्र ढवळणच लागतं. भरतीचा वाटा किती टक्के, यावर आजही दोन तज्ज्ञ दोन आकडे सांगतील. वाटा आहे, यावर दोघांचं एकमत असेल.

आता ‘दीर्घकाळा’कडे येऊ. भरतीची उंची नुसत्या चंद्राच्या ओढीवर ठरत नाही. प्रत्येक सागरी खोऱ्याला पाणी इकडून तिकडे हेलकावण्याचा स्वतःचा एक काळ असतो, तो खोली आणि रुंदीवर ठरतो. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला की तो उंच जातो, लय चुकली की तोच धक्का वाया जातो. चंद्राचा धक्का 12 तास 25 मिनिटांनी येतो. आजचा उत्तर अटलांटिक या लयीच्या बराच जवळ आहे.

याचा जोरदार पुरावा अनपेक्षित ठिकाणाहून येतो. भरतीच्या घर्षणामुळे चंद्र आपल्यापासून वर्षाला 3.8 सेंटिमीटर दूर जातो. अपोलो मोहिमांनी ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून 1969 पासून हे मोजलं जातं आहे. आता आजचं घर्षण कायम धरून मागे मागे गेलात, तर साधारण दीड अब्ज वर्षांपूर्वीच चंद्र पृथ्वीला चिकटलेला निघतो. पण चंद्रावरचे खडक साडेचार अब्ज वर्षांच्या घरातले आहेत. मग चूक कुठे? भूतकाळात भरतीचं घर्षण आजच्यापेक्षा बरंच कमी होतं. चंद्र तेव्हा उलट जवळ होता, त्याची ओढ जास्त होती, तरीही! कारण खंडांची मांडणी वेगळी होती आणि समुद्र लयीत बसत नव्हते. सगळे खंड एकत्र होते त्या काळात भरती दुबळी असावी, असंच प्रारूपंही सांगतात. आपण जगतो आहोत तो भूशास्त्रीय इतिहासातला जोरदार भरतीचा काळ आहे. कुणी चंद्राच्या चक्रांनी हवामानाचा इतिहास सांगायला लागलं की मी आधी हा मुद्दा पुढे करतो.

खंड सरकायला कोट्यवधी वर्षं लागतात, पण समुद्राची पातळी त्यामानाने झटकन बदलते. सुमारे 21,000 वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा 120 ते 130 मीटर खाली होता. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन शेकडो किलोमीटर रुंद आहे. बॉम्बे हाय किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरवर असलं तरी पाणी तिथे जेमतेम 75 मीटर खोल आहे. हिमयुगात ती सगळी कोरडी जमीन होती. तेलविहिरीच्या जागेपर्यंत चालत जाता आलं असतं. जगभर हेच झालं, आणि भरतीची ऊर्जा जिथे संपायची त्या उथळ समुद्रांचा मोठा भाग नाहीसा झाला. अटलांटिक तर लयीच्या आणखी जवळ गेला. परिणामी तिथली भरती आजच्यापेक्षा खूप मोठी झाली आणि खोल समुद्रात खर्च होणारी ऊर्जा दुप्पट-तिप्पट झाली असावी, असं एकापेक्षा जास्त गटांची गणितं सांगतात.

याचा हवामानावर काय परिणाम झाला? इथे मला थांबून बोलायला हवं. ‘ढवळण वाढलं, म्हणजे खोल प्रवाह वाढले’ असं सरळ निघत नाही. हिमयुगात तळाचं पाणी आजच्यापेक्षा जास्त खारं आणि जड होतं. थर घट्ट असले की तेवढ्याच ऊर्जेत कमी मिसळणं होतं. ही दोन्ही टोकं एकमेकांना कशी तोलत होती, यावर वाद चालू आहे. वाद महत्त्वाचा आहे, कारण खोल समुद्रात वातावरणाच्या पन्नास-साठपट कार्बन साठलेला असतो. हिमयुगात हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत 190 च्या आसपास होता, हिमयुग संपल्यावर तो 280 पर्यंत आला. हा वाढावा समुद्रातूनच आला असणार. तो किती लवकर बाहेर पडला यात ढवळणाचा काही भाग असणं साहजिक आहे. किती, ते सांगण्याचं धाडस मी करणार नाही.

हिमयुगातली दुसरी शक्यता मला व्यक्तिशः जास्त पटते. हार्टमुट हाइनरिख यांनी 1988 साली उत्तर अटलांटिकच्या गाळात खडीचे थर दाखवले. हिमनगांनी वाहून आणलेली, काही हजार वर्षांच्या अंतराने पडलेली खडी. म्हणजे उत्तर अमेरिकेवरची बर्फाची चादर अधूनमधून समुद्रात कोसळत होती. बरीचशी खडी ज्या हडसन सामुद्रधुनीच्या वाटेने आली, त्याच भागात, लॅब्रडोर समुद्रात, हिमयुगात भरती प्रचंड होती असं प्रारूपं सांगतात. अर्बिक आणि सहकाऱ्यांनी 2004 साली हा संबंध मांडला: दिवसातून दोनदा काही मीटर वर-खाली होणारा समुद्र तरंगत्या बर्फाच्या कडा खिळखिळ्या करत असेल. हे नुसतं कल्पनेचं काम नाही. आज अंटार्क्टिकावर व्हिलन्स नावाचा हिमप्रवाह आहे, तो दिवसभर जवळजवळ थांबलेला असतो आणि भरतीच्या चालीनुसार दिवसातून दोनदा, अर्ध्या तासात, जवळपास अर्धा मीटर पुढे सरकतो. शेकडो मीटर जाडीचा बर्फ! रटफर्ड नावाच्या दुसऱ्या हिमप्रवाहाचा वेग उधाण-भांगाच्या पंधरवड्याने कमी-जास्त होतो, आणि हे समुद्रापासून कित्येक किलोमीटर आतपर्यंत जाणवतं.

इतकं झाल्यावर चंद्राच्या चक्रांना न्याय देतो. स्वीडनचे ऑटो पेटरसन यांनी 1914 च्या सुमारास म्हटलं होतं की भरती घडवणारी ओढ शतकानुशतकं कमी-जास्त होते, पंधराव्या शतकात ती शिगेला होती, आणि त्या काळच्या थंडीचा, हेरिंग माशांच्या येण्या-जाण्याचा त्याच्याशी संबंध आहे. हीच कल्पना चार्ल्स कीलिंग आणि टिमथी व्हॉर्फ यांनी 2000 साली नव्याने मांडली: 1,800 वर्षांचं चक्र, भरती जोरात असताना गार पाणी वर येतं आणि हवामान थंड होतं. कीलिंग म्हणजे हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर 1958 पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारे, तेच. म्हणून ही कल्पना कुणी हसण्यावारी नेली नाही. मंक आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये ती नीट तपासली आणि त्यांना ती पटली नाही. अडचण साधी आहे. चंद्र, सूर्य आणि पृथ्वी अगदी नेमके जुळून येतात तेव्हाचं उधाण आणि दर वर्षी येणारं मोठं उधाण यांतला फरक फार थोडा असतो, आणि तोही काही तास टिकतो. समुद्र ढवळला जातो तो वर्षभराच्या सरासरी भरतीने, एखाद्या विक्रमी दिवसाने नव्हे. सरासरी या चक्रात जवळजवळ हलत नाही.

ज्या चक्रात सरासरी खरोखर हलते ते 18.6 वर्षांचं. चंद्राची कक्षा सूर्याच्या मार्गाला पाच अंशांनी तिरकी आहे आणि ती जिथे छेदते ते बिंदू, पंचांगातले राहू आणि केतू, 18.6 वर्षांत एक फेरी मारतात. त्यामुळे चंद्र कधी महिन्याला साडेअठ्ठावीस अंश उत्तर-दक्षिण फिरतो, कधी अठरा. दिवसातून दोनदा येणाऱ्या मुख्य चांद्रभरतीत यामुळे 3.7 टक्के चढ-उतार होतो. दिवसातून एकदा येणाऱ्या भरतीच्या दोन मुख्य घटकांत मात्र 11 आणि 19 टक्के, आणि तेही उलट्या दिशेने: दिवसातून दोनदा येणारी वाढते तेव्हा एकदा येणारी घटते. म्हणून जिथे दिवसाला एकच भरती प्रबळ आहे, उदाहरणार्थ जपानच्या उत्तरेला कुरील बेटांपाशी, तिथे पाणी किती ढवळलं जातं यात या चक्राने दखल घेण्याजोगा फरक पडतो. उत्तर प्रशांतातल्या साधारण वीस वर्षांच्या हवामान-हेलकाव्याशी यासुदा आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये त्याचा संबंध जोडला. मला तो विचार करण्यालायक वाटतो, पण तो एका भागापुरता आहे, सगळ्या जगाचा नाही.

असा दावा समोर आला की मी एक कसोटी लावतो, ती तुम्हालाही वापरता येईल. भरतीचं घड्याळ खगोलशास्त्राने बांधलेलं आहे. चक्र कधी शिखरावर होतं हे शेकडो वर्षं मागचंही नेमकं काढता येतं. तेव्हा झाडांच्या वर्तुळांत किंवा पावसाच्या नोंदीत ‘18-20 वर्षांचं चक्र सापडलं’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. सूर्याचं 22 वर्षांचं चुंबकीय चक्र तिथे जवळच आहे, आणि समुद्र-वातावरण स्वतःच्या मर्जीनेही अशा कालावधीत हेलकावतं. शिखरं प्रत्येक वेळी चंद्राच्या वेळापत्रकाशी जुळतात का, हे बघायचं. दोन-तीन आवर्तनांनंतर पाऊल चुकायला लागलं तर कारण चंद्र नाही. बहुतेक दावे इथे गळतात. आणि नोंद निदान दोन पूर्ण आवर्तनांची, म्हणजे 37 वर्षांची सलग नसेल, तर मी ते पृथक्करण हातातच घेत नाही.

सध्याच्या तापमानवाढीलाही हीच कसोटी लावा. ती 18.6 वर्षांनी खाली येत नाही, सलग चढते आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड 1958 साली 315 होता, आता 420 च्या पुढे आहे. 2006 ते 2018 या काळात पृथ्वी दर चौरस मीटरला सरासरी 0.8 वॉट उष्णता साठवत होती, म्हणजे एकूण 400 टेरावॉट, त्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास समुद्रात. यापुढे भरतीचे सगळे मिळून 3.7 टेरावॉट आणि त्यात चक्रामुळे पडणारा काही टक्क्यांचा फरक ठेवून बघा. ढवळणामुळे ही उष्णता समुद्रात किती खोल जाईल हे बदलू शकतं. ती येण्याचं कारण ढवळण नाही.

राहिली 2030 ची बातमी. तिच्या मुळाशी 2021 साली प्रसिद्ध झालेला एक चांगला अभ्यास होता, पण तो अमेरिकेच्या किनाऱ्यांबद्दल होता. म्हणणं एवढंच की 2030 च्या दशकाच्या मध्यात हे 18.6 वर्षांचं चक्र अमेरिकेच्या बऱ्याच किनाऱ्यांवर भरती उंचावणाऱ्या बाजूला येईल, आणि समुद्राची पातळी तोवर वाढलेली असल्यामुळे रस्त्यावर पाणी येण्याचे दिवस एकदम वाढतील. ‘चंद्र डगमगणार’ हे मथळ्याचं काम. चंद्र हे कायमच करत आला आहे.

मुंबईचं गणित करू. अपोलो बंदरला 1878 पासून भरतीची नोंद आहे, हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक. तिथे दिवसातून दोनदा येणाऱ्या मुख्य चांद्रभरतीचा वाटा सरासरी पातळीच्या वर-खाली सुमारे 1.2 मीटर आहे. त्याचे 3.7 टक्के म्हणजे साडेचार सेंटिमीटर. 2025 च्या सुमारास हा भाग सर्वांत कमी होता, 2034 च्या सुमारास सर्वांत जास्त असेल. पण मुंबईत दिवसातून एकदा येणारे घटकही आहेत, एक साधारण 40 सेंटिमीटरचा, दुसरा 20 चा. त्यांचे 11 आणि 19 टक्के काढले तर प्रत्येकी चार-साडेचार सेंटिमीटर येतात, आणि ते नेमके उलट दिशेने, म्हणजे 2034 कडे घटत जाणारे. मुंबईला दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे खोडतात. ज्या बंदरात एकच प्रकार प्रबळ आहे तिथे असं होत नाही, म्हणून अमेरिकेतल्या एखाद्या शहराचा निष्कर्ष उचलून इथे लावता येत नाही.

पालिका पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी जाहीर करते, त्या यादीत 2030 च्या दशकात या चक्रामुळे फार तर काही सेंटिमीटरांचा फरक पडेल. पातळीतली वाढ आणि त्याच दिवशी कोसळणारा पाऊस यांचा भार त्याहून कितीतरी जास्त असेल. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा भरती नेहमीच्या पावसाळी उधाणासारखीच होती. नाल्यांच्या तोंडाशी समुद्र चढलेला आणि वरून एवढं पाणी, म्हणून ते अडलं.

तुम्हाला स्वतः ताडून बघायचं असेल तर अपोलो बंदरच्या मासिक सरासरी पातळ्या जागतिक संग्रहात मोफत मिळतात. पण 18.6 वर्षांचं चक्र शोधायला त्या फारशा उपयोगाच्या नाहीत, कारण महिन्याच्या सरासरीत भरती-ओहोटी पुसली जाते. त्यासाठी तासातासाची नोंद हवी. एकेका वर्षाचं वेगळं पृथक्करण करून मुख्य चांद्रभरतीची उंची काढा आणि वर्षानुसार आलेख मांडा. वर-खाली होणारी लाट तुम्हाला दिसेल. त्याच जागी बंदरातला गाळ काढल्यामुळे किंवा भराव टाकल्यामुळे आलेली एखादी पायरीही दिसू शकते. ती आधी वेगळी काढा, नाहीतर तिचं खापर चंद्रावर फुटेल.